लसीची गोष्ट (भाग ६) : आधी नंबर कोणाचा?

कोविडची लस कारखान्यातून केंद्रापर्यंत गार राहून कशी पोचते, ते गेल्या भागात पाहिलं. केंद्रावर पोचलेली लस आधी कोणाला टोचायची, हे ठरवणं त्याहून अवघड होतं. शीतपेटीशी कोणी भांडत नाही, यादीशी सगळेच भांडतात.

केंद्र सरकारच्या मूळ आराखड्यात ३० कोटी माणसं होती : १ कोटी आरोग्य कर्मचारी, २ कोटी आघाडीचे कर्मचारी म्हणजे पोलीस, सफाई कामगार वगैरे, आणि २७ कोटी पन्नाशीपुढचे किंवा सहव्याधी असलेले. १६ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात २८५ केंद्रांवर सुरुवात झाली आणि कोविन अ‍ॅप रुसल्यामुळे लगेच दोन दिवस थांबावंही लागलं. गंमत म्हणजे पहिल्या नंबरवाल्यांतलेच बरेच जण कां-कूं करत होते. ‘आधी तू घे, मग बघू’ हा संवाद दवाखान्यांतही चालला होता.

खरी ओढाताण १ मार्चपासून. साठीपुढच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या सहव्याधीवाल्यांना लस खुली झाली. सहव्याधींची २० नावांची यादी होती आणि सोबत नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागे. कल्याणजवळच्या मोहन्यात ही मधली अट फार जणांना लागू झाली. इथली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा चाळिशीत असलेला कामगार २०२१ मध्ये नेमका त्या ४५ ते ५९ च्या कप्प्यात येतो. त्याला बीपीची गोळी रोज लागते, पण नुसतं बीपी यादीत नव्हतं. मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा हवा, आणि जोडीला उपचार सुरू असलेला रक्तदाब. म्हणजे पाच वर्षांची शुगर असली तर पुढच्या महिन्यात या! शुगर आहे हे सोयरिकीच्या बैठकीत लपवणारी माणसं तेव्हा जुने रिपोर्ट शोधायला कपाट उपसत होती. १ एप्रिलला ४५ पुढच्या सर्वांना मुभा मिळाली आणि प्रमाणपत्राची भानगड मिटली.

पण वयच का? आंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याचा प्रश्न साधा होता : आजोबा घरात बसून आहेत, दिवसभर पॅसेंजर मी वाहतो, आजार घरी आणला तर मीच आणणार, मग आधी मला का नाही? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. इंडोनेशियाने नेमकं तेच केलं. आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ वयाच्या कामकऱ्यांवर भर दिला. त्यांच्या हातात असलेल्या चिनी लसीची म्हाताऱ्यांवरची चाचणी तेव्हा तोकडी होती, हेही एक कारण. ब्रिटनने उलट केलं. तिथे वृद्धाश्रमांतले रहिवासी आणि त्यांची देखभाल करणारे पहिले. पुढे शिक्षक-पोलिसांना आधी घ्या, अशी मागणी झाली, तरी त्यांनी वयाचा क्रम सोडला नाही. हिशेब असा : लस आजारी पडण्यापासून वाचवते हे चाचण्यांत दिसलं होतं, पण लस घेतलेला माणूस दुसऱ्याला आजार देणं किती थांबवतो याचा भरवसा तेव्हा नव्हता. मरणाचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. डोस मोजके असतील तर ज्याचा जीव जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याला आधी दिल्याने सर्वाधिक जीव वाचतात. मला हा हिशेब पटतो. मात्र तो रिक्षा स्टँडवर कोणी समजावून सांगितला नाही. तिथे फक्त वेळापत्रक पोचलं.

वयाची आणखी एक सोय आहे : आधार कार्डावर ते छापलेलं असतं. कामाचं तसं नाही, ओळखपत्र कोणीही बनवून देतं. मे २०२१ मध्ये ठाण्याच्या पार्किंग प्लाझा केंद्रावर एका अभिनेत्रीने आघाडीची कर्मचारी म्हणून लस घेतल्याचा आरोप झाला आणि सुपरवायझर म्हणून तिचं ओळखपत्र सगळीकडे फिरलं. ते आपलं नसल्याचं तिने सांगितलं. महापालिकेने चौकशी लावली. तोवर निमूट रांग लावणारे त्या दिवसांत सर्वांत जास्त चिडले.

१ मेपासून १८ ते ४४ वाल्यांना दार उघडलं, ते नावापुरतंच. स्लॉट काही सेकंदांत संपत. चटपटीत बोटांची शहरी मुलं मुरबाड-शहापूरकडची केंद्रं बुक करून गाड्या काढून जात आणि तिथला गावकरी बघत राही. मेच्या मध्याला राज्याने हा गट थांबवून डोस ४५ पुढच्यांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवले. जूनमध्ये खासगी रुग्णालयात कोविशील्डची कमाल किंमत ७८० रुपये ठरली, म्हणजे पैशांची वेगळी रांग अधिकृतच झाली. फुकटच्या रांगेत टोकन कोणाच्या हातात, यावर भांडणं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती, त्यामुळे नगरसेवक तेव्हा सगळे माजी. फोटो मात्र शिबिराच्या बॅनरवर आजी असल्यासारखेच.

माझी तक्रार आहे ती पुढच्या निर्णयाबद्दल. दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळाला. कल्याण-डोंबिवलीत लोकल म्हणजे पगार. कोविशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला डोस मिळालेली पंचविशीतली मुलगी सप्टेंबर संपेपर्यंत गाडीत चढू शकत नव्हती. तिला मागे ठेवलं होतं सरकारनेच, वयाच्या नियमाने, आणि मागे राहिल्याचा भुर्दंडही तिच्याच माथी : शहाडहून मुंबईपर्यंत बस, शेअर टॅक्सी आणि शिळफाट्याचा ट्रॅफिक. रांग लावणाऱ्याला रांगेत मागे असल्याचा दंड करू नये, एवढं तरी पाळता आलं असतं.

१० जानेवारी २०२२ पासून तिसऱ्या, म्हणजे ‘प्रिकॉशन’ डोससाठी पुन्हा प्राधान्यगट लागू झाले : आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी, सहव्याधी असलेले साठीपुढचे. या वेळी प्रमाणपत्राची अटही नव्हती. मग १५ जुलैपासून ७५ दिवस तो डोस १८ पुढच्या सर्वांना सरकारी केंद्रांत मोफत होता. लस मुबलक, केंद्र जवळ, आणि घेणारे मोजकेच.

(पुढच्या भागात : ८४ दिवसांचं अंतर आलं कुठून?)