दहावीनंतरची इंग्रजी

मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा माण, खटाव, जत वा आटपाडीकडून साताऱ्यास किंवा सांगलीस येतो आणि अकरावीच्या विज्ञानशाखेत नाव घालतो. इंग्रजी विषयात त्याला गुण चांगले असतात. शाळा म्हणते, याची इंग्रजी झाली. महाविद्यालय समजते, याला इंग्रजी येते. या दोन समजुतींच्या कात्रीत तो मुलगा सापडतो. भाषेसाठी मिळणारे साहाय्य ज्या दिवशी संपते, नेमकी त्याच दिवशी त्याची खरी गरज सुरू होते. या प्रश्नाचा आपण येथे थोडा विचार करू.

कोणी विचारील, महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. दहा वर्षे शिकून ती येऊ नये काय? याचे उत्तर असे की, भाषा हा एक विषय म्हणून शिकणे निराळे आणि त्या भाषेतून इतर विषय शिकणे निराळे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा भेद स्पष्टपणे मांडला. परदेशातून आलेल्या मुलास नव्या भाषेतील रोजचे बोलणे सुमारे दोन वर्षांत साधते; परंतु अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठावयास पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे म्हणणे. ती मुले तर इंग्रजीच्याच वातावरणात वाढणारी! आपल्या मुलाच्या कानी इंग्रजी पडते ती बहुधा तासापुरतीच. जत तालुक्यातील कानडी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या मुलास तर मराठीनंतरची ही आणखी एक पायरी असते.

'पॉवर' हा साधा शब्द घ्या. घरी त्याचा अर्थ वीज, गणितात घातांक, पदार्थविज्ञानात कार्य करण्याचा दर, आणि प्रकाशाच्या पाठात भिंगाची शक्ती. शिवाय 'अनलेस', 'हेन्स', 'रिस्पेक्टिव्हली' असे लहान शब्द साऱ्या वाक्याचा अर्थ फिरवितात, आणि ते मुद्दाम कोणी शिकवीत नाही. ज्याला त्वरण म्हणजे काय हे पक्के ठाऊक आहे, असा मुलगाही मग उत्तरपत्रिकेपुढे गप्प बसतो. हळूहळू त्याला वाटू लागते की आपली बुद्धीच कमी. नुकसान होते ते येथे. आणि दहावीचे गुण चांगले असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी खास वर्ग असतात. तो वर्ग सुटला म्हणजे जबाबदारी सुटली, असे तेथे मानीत नाहीत. अशा मुलांवर पुढे किमान दोन वर्षे शाळेने लक्ष ठेवावयाचे असते, आणि २०१५ च्या कायद्याने त्यांच्या प्रगतीचा अहवाल चार वर्षांपर्यंत द्यावा लागतो. भाषेपायी मूल मागे पडत असेल, तर पुन्हा मदत द्यावयाची.

आपल्याकडे हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. नुसता प्रवेश देऊन भागत नाही, मुलगा टिकेल अशी सोयही हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्या सोयीत आज भाषेचीही भर घातली पाहिजे.

त्यासाठी फार पैसा लागतो असे नाही. अकरावीच्या पहिल्या सत्रात आठवड्यास एक तास विषयाच्या इंग्रजीसाठी ठेवावा. कल्पना आधी मराठीत समजावून मग इंग्रजीत मांडावी. प्रत्येक मुलाने दोन रकान्यांची शब्दवही करावी. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्या कामी येतात. परीक्षेत उत्तर चुकले तर तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारावा: मराठीत उत्तर आले तर उणीव भाषेची, न आले तर विषयाची. उपाय त्याप्रमाणे करावा, आणि ही नोंद बारावी संपेपर्यंत ठेवावी.

आणि आपण नागरिक? आपल्या गावांत निवृत्त शिक्षक, अभियंते, डॉक्टर पुष्कळ आहेत. वसतिगृहात जाऊन आठवड्यास एक संध्याकाळ मुलांबरोबर पाठ्यपुस्तक वाचणे त्यांना सहज शक्य आहे. जूनमध्ये नवी मुले येतील, तत्पूर्वी कोणी कोठे जावयाचे एवढे जरी आपण ठरविले, तरी कामाचा आरंभ होईल.