‘बालबोध’कार विनायक कोंडदेव ओक

कऱ्हाकाठची बारामती आणि तिला लागून असलेले जळोची हा परिसर कविवर्य मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) वास्तव्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या संग्रहातून पंतांची कविता शाळाशाळांत पोहोचली व विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ती मुखोद्गत केली. परंतु ती कविता मुलांसाठी रचलेली नव्हती. मुलाने पाठ करावे असे त्या काळी पुष्कळ होते. त्याने आपण होऊन वाचावयास घ्यावे असे मात्र फार थोडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत विनायक कोंडदेव ओक यांचे नाव अग्रभागी आहे.

ओकांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथे झाला. शिक्षणखात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. मराठीत मुलांसाठी पुस्तके मुळीच नव्हती असे नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्येच प्रसिद्ध झाले होते; पण ते भाषांतर होते. मिशनऱ्यांचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघत असे. त्यामागे धर्मप्रसाराची दृष्टी होती. सर्वसामान्य मराठी घरातील मुलाला त्याच्या समजुतीच्या भाषेत, दरमहा, नानाविध विषयांची ओळख करून देणारे साधन हवे होते. १८८१ मध्ये ओकांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले, ते याच हेतूने.

‘बालबोध’च्या अंकाची आखणी ठरलेली असे. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, शास्त्रीय विषयावरील एक लेख आणि त्यांच्या जोडीला किरकोळ माहिती. ज्या घरात दुसरे पुस्तक नसे, तेथेही या योजनेमुळे मुलाला इतिहास, काव्य, विचार आणि विज्ञान या चारही क्षेत्रांचा परिचय होत असे. विशेष म्हणजे हा मजकूर बहुतांशी ओक स्वतःच लिहीत. १९१४ पर्यंत, म्हणजे सुमारे ३३ वर्षे, हे कार्य अखंड चालले. अंकांची संख्या चारशेच्या घरात गेली. चरित्रे, कविता, निबंध व शास्त्रीय लेख यांचीही तितकीच भर मराठीत पडली.

ओकांनी प्रौढांसाठीही लेखन केले. सरकारी कचेरीतील लाचलुचपतीचे चित्र रेखाटणारी ‘शिरस्तेदार’ ही त्यांची कादंबरी शासकीय सेवकांनी आजही लक्षात घ्यावी अशी आहे. तथापि मराठी बालवाङ्मयाचे जनक म्हणून जो मान त्यांना दिला जातो, तो ‘बालबोध’मुळेच. ९ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लेखनात रंजनापेक्षा बोधाला अधिक स्थान होते, हे मान्य केले पाहिजे. पुढे वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या ‘आनंद’ मासिकाने रंजनाची बाजू बळकट केली. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ पासून हीच परंपरा चालवीत आहे.

आज बालवाचकांसाठी पुस्तकांची वाण नाही. परंतु ती मुलाच्या हाती पडतातच असे नाही. शाळेचे पुस्तकांचे कपाट कुलूपबंद राहिले, तर त्यातील उत्तम पुस्तकही नसल्यासारखेच होय. ओकांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा नियमितपणाचा आहे. मुलाला त्याच्या वयाचे वाचन ठरलेल्या दिवशी, न चुकता मिळाले पाहिजे, हे त्यांनी एकट्याच्या बळावर करून दाखविले. शाळेने आठवड्यातील एक तास ठरवून कपाट उघडले आणि पंचायतीने गावच्या ग्रंथालयात मुलांसाठी एक कोपरा राखला, तर जे काम तेव्हा एका व्यक्तीने उचलले, ते आज सारे गाव मिळून सहज पेलू शकेल.