जस्ताची काटकसर आणि यीस्टमधील ‘निरर्थक’ प्रतिलेखन

जमिनीत जस्त कमी पडले की भातावर खैरा रोग येतो, हे सर्वपरिचित आहे. पाव फुगवणाऱ्या व मद्य आंबवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टलाही जस्ताची टंचाई सोसावी लागते. मात्र त्यावरील त्याचा उपाय विलक्षण आहे.

साखरेपासून अल्कोहोल बनण्याची अखेरची पायरी अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर पार पाडते. त्याच्या प्रत्येक उपघटकाला जस्ताचे दोन अणू लागतात. पेशीत हे विकर विपुल असल्याने बरेचसे जस्त त्यातच गुंतून पडते. जस्त पुरेसे असताना रॅप१ हा प्रतिलेखन घटक एडीएच१ या जनुकाच्या प्रवर्तकावर बसून विकराची निर्मिती जोमाने चालू ठेवतो. जस्त घटताच झॅप१ हा दुसरा घटक सक्रिय होतो. बाहेरील जस्त आत ओढणाऱ्या प्रथिनांची जनुके तो चालू करतोच. शिवाय एडीएच१च्या अलीकडून एक वेगळेच प्रतिलेखन सुरू करतो. त्यातून निघणाऱ्या झेडआरआर१ या आरएनएमध्ये कोणत्याही प्रथिनाचा संकेत नसतो. परंतु ते लिहिणारे आरएनए पॉलिमरेज प्रवर्तकावरून पुढे सरकताना रॅप१ला तेथून हुसकावून लावते आणि एडीएच१ मंदावते. म्हणजे जनुक ‘चालू’ करणाऱ्या घटकाकडूनच शेजारचे जनुक बंद पाडले जाते! हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशी यंत्रणा त्याआधी, २००४ मध्ये, सेरीन या अमिनो आम्लाच्या संदर्भात उघडकीस आली होती. माध्यमात सेरीन असले की चा४ हा घटक एसआरजी१ या असंकेतक जनुकाचे प्रतिलेखन घडवतो. ते प्रतिलेखन शेजारच्या एसईआर३ जनुकावरून जाते व सेरीन बनवण्याचा अनावश्यक खटाटोप थांबतो. हाच एसआरजी१ आरएनए पेशीत अन्य ठिकाणाहून पुरवला, तर एसईआर३ दबत नाही. परिणाम घडवते ती लिहिण्याची क्रिया. लिहिलेला मजकूर नव्हे.

कीडनियंत्रणात सध्या चर्चेत असलेल्या आरएनए हस्तक्षेपाशी याची गल्लत होऊ नये. त्या तंत्रास लागणारी डायसर व आर्गोनॉट ही प्रथिने या यीस्टमध्ये नाहीतच. असंकेतक आरएनए दिसताच त्यालाच कर्ता मानण्याची घाई म्हणूनच टाळलेली बरी.

मद्यनिर्मितीत जवाच्या अर्कात जस्त अपुरे असल्यास किण्वन रेंगाळते. तेव्हा उत्पादक त्यात अल्प प्रमाणात जस्ताचे क्षार मिसळतात.