कपाटावर चढलेलं नाक

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे सगळी भाचरंडं जमली होती. रात्री सिनेमा बघायचं ठरलं. शेजारच्या काकांकडून प्रोजेक्टर आणला, पण घरात एक धड पांढरी चादर मिळेना. शेवटी म्हटलं, टाका तसाच कोपऱ्यात! आणि काय सांगू, नायकाचं नाक कपाटाच्या दारावर, एक कान कॅलेंडरवर आणि हनुवटी गाद्यांच्या चवडीवर घरंगळलेली. गाणं लागलं तेव्हा तर अर्धी नायिका दाराच्या फटीतून बाहेर निघून गेली.

हसून हसून पोट दुखल्यावर धाकटी भाची म्हणाली, "मामा, कपाट न हलवता हे नाक सरळ नाही का करता येणार?"

येतं की! कपाट नाकाला डावीकडे ओढत असेल, तर प्रोजेक्टरने नाक आधीच तेवढंच उजवीकडे सरकवून सोडायचं. मग ते पडेल बरोबर जागेवर. पण त्यासाठी प्रोजेक्टरला खोली पाठ हवी. कपाट किती पुढे आलंय, कोपरा कुठे आहे, गादी कुठे फुगली आहे, सगळं. आणि प्रोजेक्टर तर आंधळा! तो प्रकाश फेकतो, पण तो कुठे जाऊन पडला हे त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्या जोडीला कॅमेरा देतात.

आता उठा आणि एक कंगवा आणा. खोलीत अंधार करा. मोबाइलच्या टॉर्चसमोर कंगवा उभ्या दातांनी धरा. भिंतीवर सरळ रेघा दिसतील. आता कुणालातरी भिंतीपुढे उशी धरायला सांगा आणि बाजूला सरकून बघा. उशीवरच्या रेघा वाकल्या ना? गंमत पुढेच आहे. डोळा अगदी टॉर्चला चिकटवून बघितलंत, तर त्याच रेघा पुन्हा जवळजवळ सरळ दिसतात! प्रोजेक्टरही खोलीभर अशाच रेघा टाकतो, आणि म्हणूनच कॅमेरा त्याच्यापासून थोडा लांब ठेवतात. रेघ कुठे आणि किती सरकली यावरून संगणक हिशेब करतो, की तिथली वस्तू किती पुढे आहे.

पण इतक्या रेघांमधली ही कितवी, हे कसं कळणार? त्यासाठी हजेरी घेतात. पहिल्या चित्रात अर्धी खोली उजेडात, अर्धी अंधारात. दुसऱ्यात पट्टे आणखी बारीक, तिसऱ्यात त्याहून बारीक, अशी १० चित्रं झराझर टाकायची. खोलीतला प्रत्येक ठिपका १० वेळा 'उजेड' किंवा 'अंधार' असं उत्तर देतो. १० वेळा २ ने गुणत जा, उत्तर येतं १०२४. म्हणजे फक्त १० चित्रांत १०२४ उभ्या पट्ट्यांना आपापला हजेरी क्रमांक मिळाला! (मला वर्गाची हजेरी घ्यायला याहून जास्त वेळ लागतो.)

अख्खी खोलीच पडदा करायची ही कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. भविष्यातल्या ऑफिसात भिंती आणि टेबलं हेच पडदे असतील, असं त्यांचं म्हणणं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे रमेश रासकर यांचं. हे मूळचे नाशिकचे, पुण्यात इंजिनियरिंग शिकून तिकडे गेलेले. ऑफिसात सारख्या रेघा लुकलुकल्या तर कामं कोण करणार? म्हणून त्यांनी युक्ती काढली. रेघांचं चित्र टाकायचं आणि लगेच त्याच्या बरोबर उलटं, काळ्याचं पांढरं केलेलं चित्र टाकायचं. हे इतक्या वेगाने, की आपल्या डोळ्यांना दोन्ही मिसळून नुसता साधा उजेड दिसतो. त्याच लयीत बघणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र रेघा सापडतात. म्हणजे खोलीचं माप घेणं चालू आहे आणि खोलीत बसलेल्याला पत्ताच नाही!

पुढे २००१ मध्ये रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताजमहालाची एक कोरी पांढरी प्रतिकृती घेतली आणि रंग, नक्षी सगळं नुसत्या प्रकाशाने चढवलं. ब्रशला हात न लावता!

२०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एका दिवाणखान्यात प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याच्या ६ जोड्या बसवल्या. भिंती, जमीन, फर्निचर, सगळीकडे खेळ. सहा कशाला? एक म्हणजे एकाच प्रोजेक्टरचा उजेड सगळ्या भिंतींवर पोचत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही त्याच्या मध्ये आलात की तुमची सावली पडते. ती दुसऱ्याने भरून काढायची. पण दोघांचा उजेड एकावर एक पडला, की तिथे दुप्पट लख्ख होतं. म्हणून कडेकडेला दोघांनीही हळूहळू मंद व्हायचं.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट प्रोजेक्टरला कधीच जमत नाही. त्याला काळा रंग टाकता येत नाही! काळा म्हणजे तिथे उजेडच न टाकणं. म्हणून खोलीत अंधार लागतो आणि भिंती फिक्या लागतात. गडद रंग उजेड गिळून टाकतो. जास्त उजेड ओतून थोडंफार सावरता येतं, पण थोडंफारच.

आमचं कपाट नेमकं गडद चॉकलेटी. नाक सरळ झालं तरी मळकटच दिसणार. यावर भाचीने उपाय सांगितला, की कपाटाला पांढरा रंग देऊन टाकू. मामीला हे कोण सांगणार, त्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या राहिल्या आहेत.