चालवावी की जपावी?
(मोजक्या संख्येच्या स्पोर्ट्‌स मोटारी : उपयोग आणि संग्रह)

एस. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाणी आणि हिरा यांचे कोडे भेटतेच. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही, तरी हिरा महाग. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे कोडे मांडताना मूल्याचे दोन प्रकार सांगितले : उपयोगिता-मूल्य आणि विनिमय-मूल्य. वस्तू वापरून आपल्याला जे मिळते ते पहिले. वस्तू दुसऱ्याला देऊन बदल्यात जे मिळते ते दुसरे. परीक्षेपुरते एवढे पाठ करून सोडून देता येते. परंतु एकाच वस्तूच्या पोटात ही दोन मूल्ये एकमेकांशी भांडू लागली तर काय होते? हे पाहायचे असेल तर मोजक्या संख्येत बनवलेल्या स्पोर्ट्‌स मोटारीइतके चांगले उदाहरण मला तरी दुसरे सापडलेले नाही.

काही वाचकांना हसू येईल. माझे वडील तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतात. तेथे येतात त्या जीपगाड्या, टेम्पो आणि ट्रॅक्टर. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ज्या मोटारींविषयी मी लिहितो आहे, त्यांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण मूल्याचा विचार करायला वस्तू आपल्या मालकीची असावी लागत नाही. तसे असते तर अर्थशास्त्राचे निम्मे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांना कोरेच ठेवावे लागले असते!

प्रथम दुर्मिळतेचा विचार करू. दुर्मिळता दोन तऱ्हांची असते : आपोआप आलेली आणि ठरवून आणलेली.

पहिलीचे उदाहरण म्हणजे इटलीतील फेरारी कंपनीची २५० जी.टी.ओ. ही मोटार. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या अवघ्या ३६ गाड्या तयार झाल्या. त्या शर्यतीसाठी होत्या आणि शर्यतीतच धावल्या. आदळल्या, चेपल्या, पुन्हा ठोकून सरळ केल्या गेल्या. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत साधारण १८,००० डॉलर होती. शर्यतीचे दिवस संपल्यावर ती जुनी मोटार म्हणून स्वस्तात विकली जाऊ लागली. त्यांतील एक तर टेक्सासमधील एका हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली होती आणि १९७२ साली त्या शाळेने ती काही हजार डॉलरांना विकून टाकली. याच जातीची दुसरी एक मोटार २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. आपण जपून ठेवण्यासारखी वस्तू बनवत आहोत, असे ती बनवणाऱ्या कारागिरांच्या मनातही नसेल. ती पळाली म्हणून तिला इतिहास मिळाला आणि इतिहास मिळाला म्हणून तिला किंमत आली.

दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण जर्मनीतील पोर्शे कंपनीचे. २०१६ साली या कंपनीने ९११ आर ही मोटार काढली आणि आधीच जाहीर केले की, बरोबर ९९१ गाड्या काढू, एकही जास्त नाही. चार लिटरचे इंजिन, ५०० अश्वशक्ती, वजन १,३७० किलो. विशेष म्हणजे गिअर हाताने टाकायचा आणि क्लच पायाने दाबायचा. तेव्हा कंपनीच्या तशाच तोलाच्या इतर मोटारींत यंत्रच गिअर बदलत असे. हाताने गाडी चालवण्यात ज्यांना गोडी वाटते अशा शौकिनांसाठी ही मोटार होती. पण झाले उलटेच. ९९१ हा आकडा ऐकताच शौकिनांच्या आधी व्यापारी धावले. गाड्या लोकांच्या हाती पडतात न पडतात तोच मूळ किमतीच्या दुपटी-तिपटीने त्या विकायला निघाल्या. चालवण्यासाठी बनलेली मोटार चालवणे आता परवडेनासे झाले. कारण धावलेल्या प्रत्येक किलोमीटरबरोबर तिचा भाव उतरणार होता.

येथे या भांडणाचे मर्म आहे. साधी मोटार चालवली की टायर झिजतात, तेल जळते, पेट्रोलचे पैसे जातात. मोजक्या संख्येच्या मोटारीला याखेरीज आणखी एक खर्च असतो आणि तो पंपावर दिसत नाही. ती न चालवता विकली असती तर जे जास्तीचे पैसे आले असते, ते चालवण्यामुळे बुडतात. आपल्या पाठ्यपुस्तकात यालाच संधित्याग खर्च म्हणतात. एका रविवारच्या फेरफटक्याचा खरा खर्च असा हजारो डॉलरांत जाऊ शकतो. मग मालक विचार करतो, आज नको, पुढच्या रविवारी. आणि तो पुढचा रविवार कधी उजाडतच नाही.

मॅक्लारेन एफ-१ या इंग्रजी मोटारीची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. गॉर्डन मरे या अभियंत्याने ती रचली. १९९२ ते १९९८ या काळात सर्व प्रकार मिळून १०६ गाड्या बनल्या. चालकाची बैठक डावीकडे नाही, उजवीकडे नाही, तर मधोमध. दोन सोबती त्याच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे. इंजिनाच्या कप्प्याला उष्णता परतवण्यासाठी आतून सोन्याचा वर्ख. या सगळ्याचा हेतू एकच, की चालवणाऱ्याला रस्ता आणि यंत्र यांच्यामध्ये दुसरे काही जाणवू नये.

यांतील एक मोटार २०२१ साली कॅलिफोर्नियात २ कोटी ४ लाख डॉलरांना विकली गेली. ती तेव्हा पंचवीस वर्षांहून जुनी होती आणि इतक्या वर्षांत चारशे किलोमीटरसुद्धा धावलेली नव्हती. पुण्याहून नागपूर गाठायचे तर याहून कितीतरी जास्त अंतर तोडावे लागते! दुसरी मोटार होती ‘मिस्टर बीन’ म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या रोवन ॲटकिन्सन या नटाची. त्याने ती १९९७ साली घेतली आणि ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटर चालवली. तिला दोन अपघात झाले. २०११ मधील अपघातानंतर दुरुस्तीला ९ लाख १० हजार पौंड लागले आणि ते विमा कंपनीने भरले. एवढे झाल्यावर २०१५ साली त्याने ती मोटार ८० लाख पौंडांना विकली. म्हणजे घेतलेल्या किमतीच्या बारा पटींहून अधिक. दोन विक्रींत सहा वर्षांचे अंतर असल्याने आकडे समोरासमोर ठेवणे योग्य होणार नाही. न धावलेल्या गाडीला पैसे जास्तच मिळतात, हेही नाकारता येत नाही. तरी एक प्रश्न उरतोच : या दोघांपैकी मॅक्लारेन एफ-१ खऱ्या अर्थाने कोणाजवळ होती?

न चालवलेली मोटार निदान जशीच्या तशी राहते, असे आपण समजतो. मी हा प्रश्न वडिलांना विचारला. इटली आणि इंग्लंड यांच्याशी त्यांचा संबंध नाही, पण उभ्या गाडीशी आहे. ते म्हणाले, “अरे, पळणारी गाडी झिजते, पण उभी गाडी कुजते.” आमच्या गॅरेजात एकदा अनेक वर्षे गोठ्यात उभी राहिलेली जीप आली होती. टाकीतील पेट्रोल विटून चिकट झाले होते आणि त्याने कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजली होती. टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे झाले होते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. त्यामुळे आतून गंज धरला होता. रबराची सीले वाळून तडकली होती आणि वायरिंग उंदरांनी कुरतडले होते. श्रीमंतांच्या गाडीला उंदीर लागत नसतील, पण रबर आणि पेट्रोल यांना श्रीमंती कळत नाही. मॅक्लारेन एफ-१ मधील पेट्रोलची रबरी पिशवी गाडी चालो वा न चालो, ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते. म्हणून जाणकार संग्राहकही गाडी अधूनमधून बाहेर काढून गरम करून आणतात. आपल्याकडे ट्रंकेत ठेवलेली पैठणी वर्षातून एकदा तरी उलगडून, घडी बदलून ठेवतात. नाहीतर नेमकी घडीवर चिरते. तसाच हा प्रकार आहे.

आता बाजाराकडे पाहू. जपून ठेवले की भाव वाढतच जाणार, हा विश्वास किती खरा? फेरारीने १९८७ साली आपल्या चाळिसाव्या वर्षानिमित्त एफ-४० ही मोटार काढली. आत गालिचा नाही, रेडिओ नाही. दार आतून उघडायला हँडलऐवजी एक दोरी. १९८८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या हयातीतील ही अखेरची मोटार म्हणून तिच्यावर उड्या पडल्या. प्रारंभी सुमारे ४०० गाड्यांचा बेत होता. मागणी पाहून प्रत्यक्षात १,३०० च्या वर काढल्या गेल्या. १९९० नंतर मंदी आली आणि चढलेले भाव कोसळले.

जग्वार कंपनीच्या एक्स.जे. २२० ची कथा याहून कडू आहे. १९८८ च्या प्रदर्शनात लोकांना बारा सिलिंडरांचे इंजिन दाखवले गेले आणि पुढे पन्नास-पन्नास हजार पौंड अनामत घेऊन नोंदणी झाली. १९९२ साली मोटार हाती येऊ लागली तेव्हा तीत सहा सिलिंडरांचे इंजिन होते, किंमत वाढलेली होती आणि बाजार बसला होता. नफ्याच्या आशेने नाव नोंदवलेल्या कित्येकांनी गाडी घेण्यास नकार दिला. प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. ३५० पर्यंत गाड्या काढायचा बेत होता, त्या तीनशेही झाल्या नाहीत. गंमत अशी की मोटार वाईट नव्हती. ताशी ३४० किलोमीटरच्या वर वेग घेऊन ती त्या वर्षी जगातील सर्वांत वेगवान ठरली होती. चालवण्यासाठी घेणाऱ्याचे यात फारसे काही बुडाले नाही. बुडाले ते विकण्यासाठी घेणाऱ्याचे.

कंपन्यांनाही हा सट्टा नेहमीच आवडतो असे नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने आपल्या जी.टी. मोटारीसाठी ग्राहकांकडून अर्ज मागवले आणि दोन वर्षे गाडी विकणार नाही, असे लिहून घेतले. कुस्तीगीर जॉन सीना याने ती अट पाळली नाही म्हणून २०१७ साली कंपनीने त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. पोर्शेने वेगळा मार्ग धरला. २०१७ साली तिने जी.टी.-३ टूरिंग ही मोटार काढली. इंजिन चार लिटरचे, अश्वशक्ती तीच ५००, गिअर हातानेच. वजन तेवढे थोडे जास्त. आणि संख्येचे बंधन नाही! ९११ आर चे चढलेले भाव लगेच खाली आले.

माझ्या मते ही दोन वर्षांची घटना म्हणजे या विषयातील प्रयोगशाळाच आहे. ज्याला चालवण्याचा आनंद हवा होता, त्याला तो जवळजवळ पूर्णपणे साध्या किमतीत मिळाला. मग ९११ आर साठी लोक जे दुप्पट-तिप्पट मोजत होते, ते कशासाठी? इंजिनासाठी नव्हे, गिअरसाठी नव्हे; ९९१ या आकड्यासाठी.

तेव्हा निवड करणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्या कंपनीने हीच मोटार हवी तितकी काढली, तर मला ती आज हवी आहे तेवढीच हवी वाटेल का? उत्तर ‘होय’ असेल तर त्याने ती घ्यावी आणि खुशाल चालवावी. भाव वाढला तर तो वरचा लाभ. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याने प्रामाणिकपणे म्हणावे की, मी मोटार घेत नसून एक आकडा घेत आहे. मग त्याने आकड्याची पथ्ये पाळावी : कागदपत्रे, मूळ इंजिन, मूळ रंग, कमीत कमी धाव, आणि मंदीत थांबण्याची ऐपत. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा रस्त्यावर भीतभीत जातो आणि लिलावात तोट्यात येतो.

जपणाऱ्यांची बाजूही मला अगदीच अमान्य नाही. कारखान्यातून निघाली तशी एखादी तरी गाडी कोठेतरी राहिली पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीने मूळ रूप कशावरून ओळखायचे? वस्तुसंग्रहालये त्याचसाठी असतात. पण सगळ्याच गाड्या पडद्याआड गेल्या तर दुसरेच काही हरवते. विजेच्या मोटारींना क्लच नसतो आणि गिअर बदलावा लागत नाही. हाताने गिअर टाकताना इंजिनाचा आवाज ऐकून नेमका क्षण साधणे, ही विद्या पुस्तकात उतरत नाही. तंबोरा खुंटीला टांगून ठेवला तर लाकूड शाबूत राहील. पण तो जुळवायचा कसा, हे जाणणारा कान राहणार नाही. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा ड्रमवादक निक मेसन याच्याजवळ वर सांगितलेल्या ३६ जी.टी.ओ. पैकी एक आहे. त्याने ती शर्यतींत पळवली आणि रस्त्यावरही चालवली. ती तो ज्या किमतीला विकू शकेल तो आकडा मोठाच असणार. परंतु ती चालवायची कशी हे आज एका माणसाला ठाऊक आहे, याची नोंद कोणत्याही लिलावाच्या यादीत सापडणार नाही.