मोर्च्याचे छायाचित्र : साक्ष कोणाची?

भोरच्या माणसाला गर्दीचे चित्रण काही नवे नाही. आपल्या राजवाड्यात चित्रपटांची चित्रणे होतात. मोठे दिवे लागतात, शे-दीडशे माणसे फेटे बांधून चौकात उभी राहतात, आणि कर्ण्यातून हुकूम सुटताच सारी एकदम आरोळी ठोकतात. आरोळी मनासारखी उठली नाही तर पुन्हा ठोकतात. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की राजाविरुद्ध उठलेली रयत आणि तिला अडविणारे शिपाई एकाच पंगतीला बसतात. ही मौज आपल्यापैकी पुष्कळांनी उन्हात ताटकळत पाहिलेली आहे.

पण याच भोरमधून किंवा वेल्ह्याहून माणसे खऱ्या मागणीसाठी कचेरीवर चालून जातात, तेव्हा ती आरोळी एकदाच होते. ती पुन्हा करवून घेता येत नाही. त्या घटकेला कॅमेरा होता की नव्हता, होता तर कोठे उभा होता, आणि निघालेल्या चित्राचे पुढे काय झाले, यांवर त्या दिवसाचे काय उरणार हे ठरते. जगभरच्या निदर्शनांची छायाचित्रे कशी निघाली, त्यांनी काय साधले आणि कोणाला काय भोगावयास लावले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ घरापासून करू. आपला मुलूख धरणांचा. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही नावे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्या पुराची पुण्यातील छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु धरणांच्या पाण्याखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांनी जमिनीला जमीन मिळावी म्हणून काय काय केले, कोणत्या कचेरीपुढे किती दिवस बैठक मारली, याची चित्रे शोधू लागले तर हाताला फारसे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी वेल्हे तालुक्यातील एका घरी आम्हांला असे एक चित्र पाहावयास मिळाले. (या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते.) देवघराशेजारच्या भिंतीवर, काचेला तडा गेलेल्या चौकटीत, तीस-चाळीस माणसे रस्त्यावर बसलेली. कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या मुंडासे. दोघांनी कापडी फलक धरलेला, पण नेमकी त्याला घडी पडल्यामुळे अक्षरे वाचता येत नव्हती. घरातील आजीबाईंनी मुंडाशाच्या बांधणीवरून आपले मालक ओळखून दाखविले. ही बैठक कोणत्या साली, कोठे, कशासाठी, हे मात्र त्यांना सांगता येईना. "जमिनीपायी बसली हुती," एवढेच त्या म्हणाल्या. चित्राच्या पाठीमागे कोरा पुठ्ठा होता. साक्षीदार समोर उभा, पण मुका, अशी ती स्थिती. त्या दिवशी आमच्या मनात जो विचार आला तोच या लेखाचा विषय आहे : मोर्च्याचे छायाचित्र ही साक्ष असते, पण ती कोणाच्या बाजूने आणि कशाबद्दल, हे छायाचित्र स्वतः सांगत नाही. ते आपल्याला सांगावे लागते.

मोर्च्याची छायाचित्रे निघू लागली त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनमध्ये केनिंग्टनच्या मैदानावर चार्टिस्ट चळवळीची प्रचंड सभा भरली. कामकऱ्यांनाही मताचा अधिकार असावा, ही तिची मुख्य मागणी. विल्यम किलबर्न नावाच्या छायाचित्रकाराने उंचावरून या सभेची चित्रे घेतली. त्या काळी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवीत. एका पत्र्यावर एकच चित्र निघे, आणि जो हलला तो धूसर होई. त्या सभेच्या धास्तीने राणी व्हिक्टोरिया दोन दिवस आधीच लंडन सोडून गेली होती. मौज अशी, की सभेची ती चित्रे पुढे तिच्याच राजघराण्याच्या संग्रहात जाऊन पडली. मागणी करणारे मैदानातून घरी गेले, आणि त्यांची साक्ष राजवाड्यात गेली!

या सभेला किती माणसे होती? पुढाऱ्यांनी लाखो म्हटले, सरकारपक्षाने काही हजारांवर भागविले. हा वाद आपल्याकडेही प्रत्येक मोर्च्यानंतर होतो, म्हणून गर्दी मोजण्याची एक सोपी रीत सांगून ठेवतो. अमेरिकेतील हर्बर्ट जेकब्ज या पत्रकार-प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या सभा खिडकीतून पाहता पाहता ती बसविली. सैल गर्दीत एका माणसाला सुमारे दहा चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत सुमारे साडेचार. समजा, वीस फूट रुंदीचा रस्ता तीनशे फुटांपर्यंत भरला आहे. क्षेत्र झाले सहा हजार चौरस फूट. सैल गर्दी असेल तर सहाशे माणसे, दाट असेल तर तेराशेच्या आसपास. मग कोणी 'दहा हजार' म्हणाला तरी आपण गप्प हसावे. मात्र यासाठी चित्र उंचावरून घेतलेले हवे. समोरून, दुरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून घेतलेल्या चित्रात मागची माणसे पुढच्यांना चिकटलेली दिसतात आणि विरळ मोर्चाही दाट भासतो. उलट रुंद भिंगाने जवळून घेतले तर तीच माणसे पांगलेली दिसतात. दोन्ही चित्रे खरी, आणि दोन्ही फसवी.

येथवर प्रश्न केवळ संख्येचा होता. पुढचा प्रश्न जिवाचा आहे. १८७१ साली पॅरिसच्या नागरिकांनी काही आठवडे शहराचा कारभार आपल्या हाती घेतला होता. त्यालाच पॅरिस कम्यून म्हणतात. मे महिन्यात त्यांनी नेपोलियनचा विजयस्तंभ पाडला आणि पडलेल्या स्तंभाशेजारी मोठ्या अभिमानाने उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. थोड्याच दिवसांत सरकारी फौजा शहरात शिरल्या. मग पोलिसांनी तीच छायाचित्रे समोर ठेवून माणसे हुडकून काढली. उत्सवाचे चित्र आरोपपत्र ठरले. त्याच सुमारास अपेर नावाच्या छायाचित्रकाराने भाडोत्री माणसे उभी करून, त्यांवर दुसऱ्यांचे चेहरे चिकटवून, कम्यूनवाल्यांच्या 'अत्याचारां'ची बनावट चित्रे तयार केली आणि विकली. आज यंत्राकडून हवे ते चित्र करवून घेता येते म्हणून आपण चकित होतो. पण खोट्या चित्राचा धंदा एवढा जुना आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९३० साली दांडीयात्रेनंतर मुंबई शहरात कायदेभंगाची लाट उसळली. प्रभातफेऱ्या, मिठाच्या कढया, विदेशी कापडाच्या दुकानांपुढील निरोधने, वडाळ्याच्या मिठागरांवरील धाडी, लाठीमार हे सारे टिपणारा दोनशेंहून अधिक छायाचित्रांचा एक संग्रह आज दिल्लीच्या अल्काझी संग्रहात जपलेला आहे. के. एल. नर्सी यांच्या नावाचा तो आल्बम. त्यातील स्त्रिया पाहण्यासारख्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांचा उल्लेख 'अनेक भगिनींनी भाग घेतला' एवढ्या अर्ध्या ओळीत उरकतो, त्या येथे पदर खोचून, निशाण धरून, पोलिसांच्या समोर उभ्या आहेत. वाक्यात माणूस अनेकवचनात विरघळतो. चित्रात त्याला तोंड असते. पुस्तकांच्या मानाने छायाचित्राचे मोठेपण ते हेच.

परंतु तोंड दिसण्याची किंमत कधी कधी फार भारी पडते. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेत सोवेटो येथील शाळकरी मुले मोर्चाने निघाली. आफ्रिकान्स ही भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून आपल्यावर लादू नये, ही त्यांची मागणी. पोलिसांनी गोळी झाडली. हेक्टर पीटरसन हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पडला. त्याला दोन्ही हातांवर घेऊन धावणारा मोठा मुलगा, आणि शेजारी आकांत करीत धावणारी हेक्टरची बहीण, असे चित्र सॅम न्झिमा यांनी घेतले. चित्रफीत पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती पायमोज्यात दडविली. दुसऱ्या दिवसापासून ते चित्र जगभर गेले, आणि वर्णद्वेषी राज्याचे खरे रूप लांबलांबच्या घरांतून लोकांना दिसले. पण न्झिमांना जोहान्सबर्ग सोडून आपल्या गावी जावे लागले आणि त्यांचा व्यवसाय संपला. हेक्टरला उचलणारा म्बुयिसा माखुबो पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे देशाबाहेर पळाला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. एका चित्राने देशाची बाजू जगापुढे मांडली, आणि त्याच चित्राने एका आईचा मुलगा हरपला. यांतील एकच गोष्ट सांगणे हे अर्धे सत्य होईल.

मग चेहरा न दाखविताही साक्ष देता येते काय? येते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्याने ते दाखवून दिले. ६ तारखेला हजारो माणसे पायी निघाली. त्यांत वनजमिनी कसणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटरची वाट. घाटातून उतरणाऱ्या लाल टोप्यांची वरून घेतलेली चित्रे सर्वत्र झळकली, आणि त्यांवरून मोर्चा किती मोठा ते कळले. पण लोकांच्या काळजाला हात घातला तो दुसऱ्याच चित्रांनी. ती होती पायांची चित्रे. भेगाळलेल्या टाचा, सोलून निघालेले तळवे, तुटकी चप्पल. त्यांवर नाव नव्हते, चेहरा नव्हता. तरी ज्याने ती पाहिली त्याला १८० किलोमीटर म्हणजे काय ते समजले. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी शहरातील शेवटची वाट रात्रीच चालून काढली. मुंबईकरांनी पाणी, खाणे, चपला पुढे केल्या. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिले. ते सारे चित्रांमुळेच घडले असे आम्ही म्हणत नाही. चालले ते पायच. पण ते पाय शहराने पाहिले, ही गोष्ट लहान नाही.

यावरून आपण काय घ्यावे? आज खेड्यापाड्यांत प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वेल्ह्याच्या त्या जुन्या चित्राच्या काळी कॅमेरा नव्हता ही अडचण होती; आज चित्रे उदंड आहेत आणि साक्ष थोडी, ही अडचण आहे. म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, एक चित्र उंचावरून घ्यावे, एक माणसांच्या उंचीवरून, आणि एक अगदी जवळून, हाताचे, पायाचे, शिदोरीचे. दुसरी, फलकाची घडी मोडावयास सांगून मागणीची अक्षरे वाचता येतील असे एक चित्र अवश्य घ्यावे. तिसरी, त्याच संध्याकाळी तारीख, गाव, मागणी आणि निवेदन कोणाला दिले ते लिहून ठेवावे. मूळ चित्रात फेरफार करू नये, आणि जुने चित्र नवे म्हणून पाठवू नये. एक खोटे चित्र पकडले गेले की दहा खरी चित्रे वाया जातात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याचा चेहरा घेतो त्याचा विचार करावा. आता चेहरा हुडकावयास पोलिसाला पॅरिसमधल्यासारखी छापील चित्रे पारखीत बसावे लागत नाही. यंत्र ते काम पळात करते. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी बाई, नोकरीची आशा धरून असलेला तरुण, शाळेतले मूल, यांना तुमचे चित्र उद्या महागात पडेल काय, हे आधी विचारावे. नको म्हणाले तर पाठमोरे घ्यावे, पायांचे घ्यावे. त्याने साक्ष उणी होत नाही, हे आपण आताच पाहिले.

आणि ही चित्रे ठेवावीत कोठे? खिशातला फोन बिघडला की सारे गेले. गावच्या वाचनालयात एक कपाट यासाठी राखावे, वर्षातून एकदा निवडक चित्रे कागदावर छापून, मागे चार ओळी लिहून, त्यात ठेवावीत. याला मोठा खर्च नाही. त्या आजीबाईंच्या भिंतीवरील चित्राच्या पाठीवर एवढ्याच चार ओळी असत्या, तर मालकांनी आयुष्यात एकदा रस्त्यावर बसून काय मागितले, हे त्यांच्या नातवंडांना वाचता आले असते.

राजवाड्यातील आरोळी पुन्हा उठेल. पुढच्या चित्रपटासाठी माणसे पुन्हा फेटे बांधतील. कचेरीपुढची मात्र एकदाच उठते. ती ज्याने टिपली, त्याने तिचे नावगावही टिपावे, एवढेच आमचे मागणे आहे.