बहिष्काराचे बळ

खरेदी करणे अथवा न करणे, एवढेच ज्याच्या हाती, त्या ग्राहकाने बलाढ्य कंपनीला नमवावे, हे सहसा कोणास खरे वाटत नाही. ४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत नेस्लेच्या मालावर पुकारलेल्या बहिष्काराने ते घडविले. गरीब देशांत जाहिरातबाजी करून मातांना बाळाच्या दुधाच्या भुकटीकडे वळविले जाते, हा त्यामागील आक्षेप. पाणी अशुद्ध, आणि भुकटी महाग म्हणून पातळ करून पाजायची. मग बाटली बाळाच्या जिवावर उठणारच! बहिष्कार घालणाऱ्यांची स्वतःची मुले या संकटापासून दूर होती, हे आम्हांस विशेष वाटते.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधी मत अमेरिकेचेच! १९८४ मध्ये कंपनीने संहिता मान्य केली, बहिष्कार उठला. पण वचन पाळले जात नाही, या तक्रारीवरून १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारण्यात आला. भारताने १९९२ मध्ये कायदाच केला आणि अशा भुकटीच्या जाहिरातीस बंदी घातली. औषधांच्या दुकानातील त्या डब्यावर गोंडस बाळाचे चित्र नसते, ते या कायद्यामुळे.